कानाने वाचलेल्या रहस्यकथा

रहस्यकथा ही चोरून वाचण्याची वस्तू आहे, हा समज मराठी घरांत दोन-तीन पिढ्या तरी मुरलेला आहे. पाठ्यपुस्तकाच्या आड धरलेली पातळ कागदाची कादंबरी, फिरत्या वाचनालयाच्या प्रतीवर कोणा आगाऊ वाचकाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलेले खुन्याचे नाव, आणि ‘डोळे फुटतील’ असा आतल्या खोलीतून येणारा दरारा, या साऱ्यांतून मराठी रहस्यकथेचा वाचक घडला. तंजावरच्या मेल वीदीमागील एका अरुंद गल्लीत राहणाऱ्या, पंच्याहत्तरीला टेकलेल्या एका मराठी गृहस्थांच्या वाट्याला यांतले काहीच आले नाही. मराठी रहस्यकथा त्यांनी आयुष्यात एकही वाचलेली नाही. ऐकल्या मात्र दोनशेच्या वर आहेत, आणि ऐकलेल्या प्रत्येक कथेविषयी त्यांचे मत वहीत नोंदलेले आहे.

ही वही शाळेतल्या गणिताच्या वहीसारखी चौकटींच्या कागदाची आहे. कारण गृहस्थ निवृत्त गणितशिक्षक आहेत. डावीकडे कथेचे नाव, मध्ये तारीख आणि ऐकण्यास लागलेला वेळ, उजवीकडे शेरा. भाषा मराठी, लिपी तमिळ. तमिळ लिपीत महाप्राण नाहीत. क, ख, ग, घ या चारही व्यंजनांना एकच अक्षर. त्यामुळे वहीत ‘घर’ आणि ‘कर’ एकाच रूपात उभे असतात, आणि ‘खून’ हा शब्द ‘कून’ असा उतरतो. तमिळमध्ये ‘कून’ म्हणजे पाठीचे कुबड. रहस्यकथांच्या वहीत पानोपानी कुबडे झाली आहेत, असा विनोद ते स्वतःच करतात. मात्र मोठ्याने वाचताना त्यांच्या तोंडून ‘ख’ ठसठशीत येतो. लिपीने गाळलेले त्यांच्या जिभेने जपले आहे.

ज्या शहरात हे घडते त्या शहराचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट चमत्कारिक वाटते. व्यंकोजीराजांच्या रूपाने भोसल्यांचे राज्य इथे सतराव्या शतकात स्थिरावले आणि १८५५ पर्यंत टिकले. शहाजीराजांच्या दरबारात मराठी नाटके रचली गेली. सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या प्राकारभिंतीवर भोसले वंशाचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरून घेतला. त्यांच्याच छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या कथांचे मराठी पुस्तक निघाले. देवनागरीत छापलेल्या सर्वांत जुन्या मराठी पुस्तकांत त्याची गणना होते. म्हणजे मराठी गोष्ट छापून हाती देणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक गाव. आणि या गावातल्या मराठी माणसाला आज मराठी गोष्ट वाचता येत नाही. सरस्वती महालात हजारो हस्तलिखिते आहेत, त्यांत मराठीही विपुल आहेत. गृहस्थ तिथे अनेकदा गेले आहेत. काचेआडच्या पोथ्यांकडे ते पाहतात, तेव्हा नात्यातल्या परंतु ओळख न उरलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहतात.

याचे कारण साधे आहे. त्यांचे शिक्षण तमिळ आणि इंग्रजीतून झाले. देवनागरीशी काही संबंध आला तो मौंजीच्या वेळी शिकवलेल्या स्तोत्रांपुरता. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनाच्या काळात ते शाळेत होते, आणि १९६८ मध्ये राज्याने द्विभाषा धोरण स्वीकारल्यावर देवनागरीचा उरलासुरला सरावही सुटला. अक्षरे त्यांना ओळखता येतात. पण जोडाक्षरापाशी अडखळायला होते. मराठी मजकुराचे एक पान वाचायला त्यांना पाऊण तास लागतो. भक्तिपर ग्रंथ अशा गतीने वाचता येतो, किंबहुना तसाच वाचावा. रहस्यकथेचे मात्र तसे नाही. अक्षर लावत लावत वाचणाऱ्याला खुनी सापडेपर्यंत खून कोणाचा झाला होता त्याचाच विसर पडतो.

मराठी त्यांच्या घरात होती ती ऐकण्या-बोलण्याची. आईची, आत्यांची, पुढे पत्नीची. स्टोरीटेलसारख्या संस्थांनी २०१७ नंतर मराठी पुस्तके बोलती केली आणि पुण्याच्या एका भाचीने ती त्यांच्या फोनवर आणून दिली, त्याच्या थोडेच आधी पत्नी वारली होती. मुलगा चेन्नईत, सून तमिळभाषक, घरी स्वयंपाकाला येणारी बाई तमिळ, शेजार तमिळ. दिवसच्या दिवस मराठी शब्द कानी पडेनासा झाला होता. अशा घरात रात्री नऊच्या सुमारास कोणी तरी अनोळखी माणूस स्वच्छ मराठीत सांगू लागला, की अमुक बंगल्याच्या दिवाणखान्यात एक प्रेत पडले आहे. गृहस्थांना त्या प्रेताची भीती वाटली नाही. घरात मराठी बोलणारे कोणी आले, एवढेच त्यांना प्रथम जाणवले.

येथवरची हकीकत करुण आहे आणि तीत गुंतून राहणे सोपे आहे. पण वहीतले शेरे करुण नाहीत. ते एका कडक परीक्षकाचे आहेत. कथेला दहापैकी गुण आणि वाचणाऱ्याला वेगळे दहापैकी गुण, अशी त्यांची पद्धत आहे. कथेला आठ आणि वाचनाला तीन, असेही गुण वहीत सापडतात. आणि त्याहून विरळा, कथेला तीन व वाचनाला नऊ.

बाबूराव अर्नाळकरांच्या कथांनी त्यांनी आरंभ केला. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाविषयी त्यांना आधी काही माहिती नव्हती. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावे मुंबई-पुण्याच्या त्यांच्या समवयस्कांना जशी बालपणाचा सुगंध घेऊन येतात तशी त्यांना येत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचे मत ऐकण्याजोगे आहे. स्मरणरंजनाची सवलत त्यात नाही. अर्नाळकर कानाला गोड लागतात, असे ते म्हणतात. कारण प्रकरणे लहान, वाक्ये आखूड, आणि कोणी तरी दारावर थाप मारल्याखेरीज प्रकरण संपत नाही. जेवण आणि झोप यांच्यामधल्या अर्ध्या तासाला अशी कथा मापून शिवल्यासारखी बसते. परंतु लागोपाठ चार ऐकल्या, की साचा ऐकू येऊ लागतो. पाचवीच्या पुढे शेरा आहे : ‘उदाहरण तेच, आकडे बदलले.’

अर्नाळकरांच्या निमित्ताने त्यांनी एक प्रश्न उपस्थित केला आहे आणि तो ध्वनिरूपातल्या रहस्यकथेचा कळीचा प्रश्न आहे : वेषांतराचे काय करायचे? जुन्या रहस्यकथेचा नायक क्षणात म्हातारा होतो, क्षणात फकीर. कागदावर हे चालते, कारण कागदाला आवाज नसतो. परंतु एकच माणूस सगळी पात्रे वाचत असेल, तर वेषांतर केलेल्या नायकाला कोणता आवाज द्यावा? नायकाचाच दिला तर रहस्य फुटले. वेगळा दिला तर श्रोत्याची फसवणूक झाली. या अडचणीचे मूळ त्यांना घराजवळच सापडते. तंजावरहून मन्नारगुडीकडे जाताना वडुवूर लागते. त्या गावचे वडुवूर दुरैस्वामी अय्यंगार हे तमिळ गुप्तहेरकथेच्या आरंभकाळातले गाजलेले लेखक. त्यांच्या ‘दिगंबर सामियार’वर १९५० मध्ये चित्रपट निघाला आणि नंबियार यांनी त्यात नाना वेष धारण केले. गृहस्थांनी तो लहानपणी पाहिला होता. डोळ्यांना फसवणे सोपे, कान फसत नाहीत; माणूस चालीने आणि आवाजाने ओळखू येतो, असे तेव्हा त्यांची आत्या म्हणाली होती. वहीत या मुद्द्यावर त्यांचा निर्णय असा : वेषांतर असलेल्या कथा ऐकण्यासाठी निवडू नयेत, निवडल्यास वाचणाऱ्याने नायकाचा आवाज ठेवावा आणि श्रोत्याने न ओळखल्याचे सोंग करावे. कीर्तनात हेच चालते. रावण भिक्षेकरी होऊन आला आहे हे सर्वांना ठाऊक असते. उत्कंठा असते ती सीतेला केव्हा कळेल याची.

कीर्तनाचा संदर्भ त्यांच्या बोलण्यात वारंवार येतो, आणि तंजावरच्या मराठी माणसाच्या बोलण्यात तो यावाच. समर्थांच्या शिष्यपरंपरेने इथे मठ स्थापिले, मराठी कीर्तनकारांनी इथे श्रोते जमवले, आणि एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या मराठी कीर्तनपद्धतीतून तमिळ हरिकथेला रूप दिले. साकी आणि दिंडी ही मराठी छंदांची नावे तमिळ कथाकारांच्या तोंडी आजही आहेत. ज्यांचे कान या परंपरेत तयार झाले त्यांना कथा सांगणाऱ्याकडून काय हवे ते नेमके कळते. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान ऐन भरात आणतो आणि तिथेच थांबून भजन लावतो. त्या थांबण्यात सारी करामत आहे. श्रोता भजन म्हणतो, पण त्याचे मन आख्यानात अडकलेले असते. गृहस्थांच्या मते बोलत्या पुस्तकाच्या बहुतेक वाचकांना थांबता येत नाही. त्यांना संथ वाचता येते. संथ वाचणे आणि थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच कारणाने त्यांना कथा वेगाने लावून ऐकणे पसंत नाही. चेन्नईचा त्यांचा मुलगा दीडपट वेगाने ऐकतो, आणि नऊ तासांचे पुस्तक सहा तासांत संपल्याचे समाधान मानतो. गणित बरोबर आहे, असे वडील म्हणतात. पण संशय ही वेळ खाऊन वाढणारी गोष्ट आहे. भात शिजायला लागणारा वेळ वाचवता येत नाही. वाचवला तर कच्चा भात मिळतो.

नारायण धारपांविषयीचे त्यांचे मत गुंतागुंतीचे आहे. धारपांच्या कथांत ‘समर्थ’ नावाचे पात्र अघोरी शक्तींशी झुंजते. तंजावरच्या मराठी घरात ‘समर्थ’ म्हणजे एकच. त्यामुळे पहिली कथा ऐकताना त्यांना बराच वेळ वाटले, की रामदासस्वामींची कुठली तरी अपरिचित आख्यायिका चालू आहे. हा गोंधळ निवळल्यावर धारप त्यांना आवडले, आणि आवडले ते भुतांमुळे नव्हे. धारप जुन्या वाड्याचे, बंद खोलीचे, कुजलेल्या लाकडाच्या वासाचे वर्णन करतात तेव्हा ते घाई करीत नाहीत. आणि राजवाड्याच्या पडक्या बाजूंच्या सावलीत वाढलेल्या माणसाला ती वर्णने परकी वाटत नाहीत. आक्षेप आहे तो ध्वनिमुद्रण करणाऱ्यांवर. भयकथेत करकरणारे दार आणि पार्श्वसंगीत घातले, की भय संपते, असा त्यांचा अनुभव आहे. दाराचा आवाज ऐकवला की ते एक ठराविक दार होते; नुसते ‘दार करकरले’ असे म्हटले तर श्रोत्याच्या घरातले दार करकरते.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना त्यांनी सर्वांत अधिक गुण दिले आहेत, आणि सर्वांत अधिक तक्रारीही त्याच पानांवर आहेत. मतकरींची कथा बहुधा साध्या मध्यमवर्गीय घरात सुरू होते, बोलणेचालणे नेहमीचे, आणि अखेरच्या काही ओळींत पायाखालची फरशी सरकते. ही कलाटणी पानावर अवचित येते. ऐकताना मात्र वाचणारा शेवटाजवळ आला की आवाज खाली आणतो, गती मंद करतो, एकेक शब्द वेगळा काढतो, आणि श्रोता सावध होऊन बसतो. ‘शेवट येत आहे, असे आवाजाने सांगितले, शेवट काय, हे मग मीच सांगितले,’ असा शेरा एका कथेपुढे आहे. नाट्यलेखन आणि दिग्दर्शन केलेल्या या लेखकाच्या कथांना नाटकी आवाज सोसत नाही, हे विधान वरवर विसंगत वाटते. विचार करता पटते. ज्याने नाट्य शब्दांतच बांधून ठेवले आहे त्याला वरून आणखी नाट्य लागत नाही.

सुहास शिरवळकरांशी त्यांचे फारसे जमले नाही. चटपटीत संवाद हे शिरवळकरांचे बळ. आणि छापील पानावर नवी ओळ सुरू झाली की बोलणारा बदलला हे डोळ्याला आपोआप कळते. कानाला ओळ दिसत नाही. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ हे वाचताना कंटाळवाणे वाटणारे शब्द ऐकताना किती उपकारक असतात, हे त्यांना शिरवळकरांमुळे उमगले. शिवाय कट्ट्यावरची पुणेरी भाषा त्यांना अर्धीमुर्धीच कळते. या ठिकाणी मात्र परीक्षक सौम्य झाला आहे. शेरा असा : ‘दोष कथेचा नाही. उत्तरपत्रिका माझ्या भाषेत नव्हती.’

इंग्रजीतले मोठे रहस्यकार त्यांनी इंग्रजीतच ऐकले. शेरलॉक होम्सच्या सर्व कथा स्टीफन फ्राय यांनी वाचल्या आहेत. २०१७ मध्ये आलेले ते ध्वनिमुद्रण सत्तर तासांहून मोठे आहे. एका उन्हाळ्यात, दुपारी अंगणाचे दगड तापलेले असताना, त्यांनी ते पुरे केले. होम्सच्या कथा जणू ऐकण्यासाठीच लिहिल्या आहेत असे त्यांचे मत झाले, आणि त्याचे कारण त्यांनी होम्समध्ये न शोधता वॉटसनमध्ये शोधले. बहुतेक कथा वॉटसन आपल्या तोंडाने सांगतो. त्यामुळे वाचणाऱ्याला एकच माणूस व्हावे लागते, आणि तो माणूसही आपल्यासारखाच, सगळे पाहूनही काही न कळणारा. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला हे त्यांना भाचीकडून समजले, तेव्हा तो कोणी वाचून ऐकवावा म्हणून त्यांनी तिच्यामागे लकडा लावला. तिने दोन कथा फोनवरून वाचून दाखवल्या. वहीत त्या दोन कथांना वाचनाचे दहापैकी दहा आहेत. निःपक्षपातीपणाचा एवढा एकच भंग त्या वहीत आढळतो.

अगाथा ख्रिस्तीबाबत त्यांनी मांडलेला मुद्दा सूक्ष्म आहे. ब्रिटनमध्ये १९३५ साली दृष्टिहीनांसाठी पहिली बोलती पुस्तके तबकड्यांवर निघाली, तेव्हा आरंभीच्या दोन पुस्तकांत एक जोसेफ कॉनरॅडचे होते आणि दुसरे ख्रिस्तीबाईंची १९२६ ची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही कादंबरी. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना ही निवड किती खोडकर आहे ते कळेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यापाशी अधिक बोलणे पाप ठरेल. एवढे सांगता येईल, की कथा कोण सांगते आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्या कादंबरीच्या गाभ्याशी आहे. गृहस्थांचे म्हणणे असे, की ख्रिस्तीबाई खेळाचे नियम पाळतात, पुरावा वाचकाच्या समोर ठेवतात. पण तो पाच निरुपयोगी वस्तूंच्या यादीत तिसरा ठेवतात. वाचकाला मागची पाने उलटून पाहता येतात. श्रोत्याला मागे जाता येते, पण कुठे जायचे ते कळत नाही. यादी कानावरून वाहून गेलेली असते. म्हणून ऐकणारा नेहमी हरतो. आणि हरण्यात, त्यांच्या मते, एक प्रकारचे वाजवी सुख आहे. आयुष्यभर मुलांना उत्तरे सांगितलेल्या माणसाला उत्तर ठाऊक नसण्याची चैन क्वचितच मिळते.

शेजारच्या तमिळ रहस्यकथेशी तुलना त्यांच्या मनात सतत चालू असते. सुजाता यांचे गणेश आणि वसंत हे वकील, आणि जवळच्याच पट्टुकोट्टैचे नाव लावणारे प्रभाकर, हे त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी वाचले होते. ते त्यांच्या गावचे, त्यांच्या बोलीतले लेखक. परंतु तमिळमधले श्रेष्ठ रहस्य कोणते असे विचारले, तर ते ‘पोन्नियिन सेल्वन’चे नाव घेतात. कल्कींची ही कादंबरी १९५० पासून साप्ताहिकात क्रमशः आली, आणि ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिची ख्याती आहे. गृहस्थ तिला खुनाची कथा मानतात. चोळ युवराज आदित्य करिकालन याचा दहाव्या शतकात खून झाला. तो कोणी केला हे कल्की निःसंदिग्धपणे सांगत नाहीत. इतिहासातला पुरावाही असाच अर्धवट आहे. उडैयारगुडीच्या मंदिरातील शिलालेखात या खुनाबद्दल द्रोही ठरलेल्या सोमन, रविदासन आणि परमेश्वरन यांच्या आप्तांच्या मालमत्तेसंबंधीची राजाज्ञा आहे. नावे आहेत, शिक्षा आहे. हेतू आणि सूत्रधार मात्र दगडावर नाहीत. मारल्या गेलेल्या युवराजाचा धाकटा भाऊ पुढे राजराज म्हणून गादीवर आला आणि त्याने बृहदीश्वर उभारला. त्याच देवळाच्या भिंतीवर आठशे वर्षांनी मराठी लेख कोरला गेला. संध्याकाळी नंदीच्या पलीकडील हिरवळीवर कानात कथा घेऊन बसलेल्या या माणसाला वाटते, की जगातली सर्वांत चांगली रहस्यकथा तीच, जिचे उत्तर दगडालाही दिलेले नाही. वहीत तिला गुण नाहीत. त्या रकान्यात नुसती रेघ आहे.

या साऱ्या ऐकण्याने काय साधले, हा प्रश्न त्यांना विचारला तर ते वाङ्मयीन उत्तर देत नाहीत. ते शब्दांची यादी दाखवतात. वहीच्या शेवटच्या पानांवर रहस्यकथांतून मिळालेले मराठी शब्द आहेत : पुरावा, संशयित, उलटतपासणी, जामीन, फरारी, साक्षीदार, हस्ताक्षर, मृत्युपत्र. हे शब्द त्यांच्या घरात नव्हते. घरातल्या मराठीत स्वयंपाक होता, सोवळेओवळे होते, नातीगोती होती, रागावणे आणि समजूत काढणे होते. पोलीस, न्यायालय, बँक, इस्पितळ ही सगळी तमिळमध्ये. दक्षिणेत साडेतीनशे वर्षे राहिलेली ही भाषा उंबरठ्याच्या आत जगली. बाहेर पडताना माणूस ती चपलांच्या जागी ठेवून जात असे. रहस्यकथेने त्यांना प्रथमच दाखवले, की या भाषेत इन्स्पेक्टर बोलतो, वकील बोलतो, गुन्हेगारही बोलतो. मराठीत खोटे बोलता येते हे मला सत्तरीत कळले, असे ते हसत म्हणतात. आईच्या भाषेत कोणी एवढे सफाईने खोटे बोलू शकेल, अशी त्यांना कल्पनाच नव्हती. दुसरीकडे, संशयितांच्या जबान्यांत आत्या, मावशी, वहिनी, दीर हे घरचे शब्द येतात तेव्हा ते दचकतात. खून झालेल्या घरात आपलीच माणसे बसलेली असावीत, तसे होते.

एक उणीव त्यांना सतत जाणवते. दोनशे कथांत एकही आवाज त्यांच्या मराठीतला नाही. सगळे आवाज मुंबई-पुण्याचे; प्रमाण, स्वच्छ, कमावलेले. ते आवाज त्यांना आवडतात, पण पाहुण्यासारखे आवडतात. पत्नी ज्या हेलात बोलत असे, क्रियापद जिथे ओढत असे आणि मध्येच एखादा तमिळ शब्द मराठी विभक्ती लावून आणत असे, ते मराठी कोठल्याही ध्वनिमुद्रणात नाही. तिचा आवाज कुणी नोंदून ठेवलेला नाही. घरातल्यांना ती गोष्ट तेव्हा सुचली नाही. आवाज रोज ऐकू येत होता, मग नोंदायचा कशाला.

अलीकडे दर रविवारी सकाळी ते चेन्नईच्या नातीला फोन करतात. ती अकरा वर्षांची आहे, त्यांना तमिळ रीतीने ‘ताता’ म्हणते, आणि तिला मराठी समजते, पण बोलता येत नाही. अधिक नेमके सांगायचे तर बोलायला कारण नाही. तिला ते आठवड्यात ऐकलेली एक कथा सांगतात, परंतु ध्वनिमुद्रणातल्या भाषेत नव्हे. पुण्याचा दिवाणखाना त्यांच्या तोंडी तंजावरच्या घराचा सोपा होतो, पात्रे त्यांच्या आजीच्या हेलात बोलू लागतात, आणि उलटतपासणीचा प्रसंग आला की तो नवा शब्द ते सावकाश, दोनदा उच्चारतात. खुनी उघडा पडण्याच्या अगोदर ते थांबतात. भजन लावत नाहीत, फोन ठेवतात. उत्तर पुढच्या रविवारी.

नियम एकच : उत्तर त्याआधी हवे असेल तर प्रश्न मराठीत विचारायचा. पहिले काही आठवडे नात रविवारपर्यंत थांबली. मग एका बुधवारी, शाळेतून आल्या आल्या, तिने फोन केला. वाक्य पुरते जुळलेले नव्हते. क्रियापद तमिळ होते आणि लिंग चुकले होते. पण ‘खून’ या शब्दातला ‘ख’ स्पष्ट होता. गृहस्थांनी वाक्य दुरुस्त केले नाही. खुन्याचे नाव सांगितले, आणि त्या रात्री वहीत, कथेचे गुण आणि वाचनाचे गुण यांच्यापुढे तिसरा रकाना आखला.